खाडीत बुडालेली गाणी

खाडीच्या अलीकडच्या गावात भागोजीबुवा नावाचा शाहीर होता आणि पलीकडच्या गावात धोंडूबुवा नावाचा. भागोजी शक्तीवाला, धोंडू तुरेवाला. शक्तीवाले म्हणतात, जगात आधी देवी. तुरेवाले म्हणतात, आधी शंकर. हे भांडण पिढ्यान्पिढ्या गाण्यातून चालू आहे. निकाल लागलेला नाही आणि लागावा अशी कोणाची इच्छाही नाही. निकाल लागला तर नाचायचं कशावर?

दर दिवाळीनंतर देवळासमोर दोघांचा सामना व्हायचा. पोरं पायात चाळ बांधून गोल धरायची, मृदंग घुमायचा. एक शाहीर गाण्यात सवाल टाकायचा. जबाब पुढच्या वर्षी, तोही गाण्यातच. या दोन गावांचा एक जुना नियम होता. जबाब देण्याआधी समोरच्याचं गाणं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. एक शब्द चुकला तरी हार. जे नीट ऐकलंच नाही त्याला जबाब कसला देणार? म्हणून सवालाचं गाणं पुन्हा पुन्हा म्हटलं जायचं, समोरच्याच्या कानात बसेपर्यंत. मग तो वर्षभर नांगरामागे, होडीत, जेवताना तेच घोळवत बसायचा. नियम चांगला होता. म्हाताऱ्यांनी करून ठेवलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक.

भागोजीबुवा शाहीर फार मोठा होता. माणूस मात्र चिक्कू होता. पैशाचा नाही, शब्दांचा. आपल्या मागे झील धरणाऱ्यांना, म्हणजे साथीने गाणाऱ्यांना, तो फक्त धृपद शिकवायचा. कडवी स्वतःच्याच तोंडी ठेवायचा, कारण कोणी फुटून धोंडूला मिळालं तर? सामन्यात कोणी फोन वर केला की त्याची माणसं काठ्या घेऊन धावायची. आणि सगळ्यात चांगली गाणी तर तो म्हणायचाच नाही. ती राखीव. योग्य वेळी म्हणायची. योग्य वेळ कोणती, ते त्यालाही माहीत नव्हतं.

गाणी वह्यांत होती, वह्या ट्रंकेत होत्या आणि ट्रंकेची किल्ली जानव्यासारखी बुवाच्या गळ्यात होती. मग मुंबईच्या मुलाने फोन पाठवला. बुवाची नात अक्षता हिने त्याला आवाज साठवायला शिकवलं. बुवाला ते भलतंच आवडलं. तो रोज काजूच्या बागेत जायचा आणि झाडाआड बसून फोनला गाणी म्हणून दाखवायचा. गावात बोलवा झाली की म्हातारा या वयात कोणालातरी गाणी ऐकवतो. आजीने तर आठवडाभर त्याच्या ताटात तूप वाढलं नाही.

सगळी गाणी फोनमध्ये गेली. आता वह्यांचं काय? ठेवल्या तर धोंडू चोरेल. जाळाव्यात तर त्यात देवीचं नाव. बुवाने डोकं चालवलं. गणपती विसर्जनाला त्याने सगळ्या वह्या निर्माल्याच्या टोपलीत घातल्या आणि गणपतीबरोबर खाडीत सोडल्या. घरी येऊन सांगितलं, आता चोराचा बाप आला तरी काही सापडायचं नाही.

ते खरं होतं. चोराच्या बापाला नाही आणि बुवालाही नाही.

अक्षता सामन्यात झील धरायची. तिचा आवाज खणखणीत होता आणि जीभ त्याहून. तिने आज्याला समजावलं की एक प्रत माझ्याकडे ठेव, एक शाळेच्या संगणकावर ठेव, एक मुंबईला काकाकडे पाठव. नेटवरही ठेवता येते, फोन गेला तरी ती तिथे राहते. बुवाने विचारलं, नेटवर म्हणजे कुठे? ती म्हणाली, तसं सांगता येणार नाही, लांब कुठेतरी मोठी मशिनं असतात. बुवा हसला. जी जागा दाखवता येत नाही तिथे माल ठेवणारा तो नव्हता.

"माजी गाणी हायत ती," तो म्हणाला. "माज्याजवळच ऱ्हातील."

मग अक्षताने मंडळाच्या जाणत्या माणसांना सांगून पाहिलं. जाणती माणसं म्हणजे ज्यांचं वय झालंय ती. वय झालं की अक्कल येते, ही अफवा म्हाताऱ्यांनीच उठवलेली आहे. जाणते म्हणाले, बुवाला शिकवणारी तू कोण? त्या जाणत्यांच्या फोनमध्ये रोज सकाळी गुलाबाच्या फुलांचे आणि सुविचारांचे ढीग येऊन पडायचे. ते त्यांनी एकूण एक जपून ठेवले होते. गावच्या शाहिराचं एक कडवं मात्र एकाकडेही नव्हतं.

वर्ष गेलं. पुन्हा गणपती आले आणि निघाले. बुवा दरवर्षीसारखा गणपती डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यात गेला. वाकला, गणपतीला पाण्यात तीनदा बुडवलं, सोडला, हात जोडले. काठावर आला तेव्हा कमरेला हात गेला. फोन तिथेच होता, धोतराच्या कनवटीला, नीट खोचलेला. तो इकडेतिकडे ठेवून कोणी चोरू नये म्हणून बुवाने तो जवळच ठेवला होता.

वह्या खाडीत गेल्या होत्याच. आता फोनही भिजून आला. गणपतीकडे गाण्यांच्या दोन्ही प्रती पोचल्या.

पुढे जे झालं ते प्रत्येक गावात होतं. फोन तांदळाच्या डब्यात पुरला. मग चुलीपाशी ठेवला. मग तालुक्याच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडला, आत बोट फिरवलं आणि चाखून पाहिलं.

"खाडीचं मीठ आहे," तो म्हणाला. "सगळं खाल्लंय. दुसरीकडे कुठे ठेवलं होतंत का?"

अक्षताने आज्याकडे पाहिलं. आज्याने दुकानातल्या फोनच्या रंगीत कव्हरांकडे पाहिलं.

जाणत्यांची सभा भरली. एकाने सांगितलं, देवीला गाऱ्हाणं घाला. दुसरा म्हणाला, नवा फोन घे, गाणी त्यात आपोआप येतील, माझ्या मेव्हण्याची आली होती. तिसऱ्याने दोष शोधून काढला. पोरीने बुवाला फोन शिकवलाच नसता तर हे झालं नसतं. हे सगळ्यांना पटलं. प्रतींबद्दल तिने काय सांगितलं होतं, ते कोणाला आठवेना.

बुवा घरी पडवीत बसून राहिला. शाहिराला दरवर्षी नवं गाणं लागतं, म्हणून जुनं डोक्यातून काढायची त्याला सवय होती. त्यात फोन आल्यापासून त्याने लक्षात ठेवणंच सोडलं होतं. मिसरूड फुटल्यापासून जे जे रचलं ते सगळं गेलं होतं. गावाला विचारावं, तर गाव कडव्यांच्या वेळी नाचण्यात दंग असायचं आणि त्याला फक्त धृपदं येत होती. तीच तर त्याने दिली होती. सगळ्या गावाकडे प्रत्येक गाण्याची शेपटी होती, गाणं कोणाकडेच नव्हतं. काही पोरांनी काठीवाल्यांना चुकवून व्हिडिओ घेतले होते. ते लावून पाहिले. त्यात पोरांचे स्वतःचेच चेहरे होते आणि शिट्ट्या.

बुवाने अन्न कमी केलं. आजीने आता मुद्दाम साजूक तूप वाढलं तरी तो ताटावरून उठायचा. बोलायचा फक्त धोंडूला शिव्या देण्यापुरतं. एका दुपारी अक्षता पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती आणि बुवाचं चालू होतं. धोंड्या आता हसत असेल. धोंड्याला जन्मात चाल जमली नाही. अमक्या वर्षी त्याने काय म्हटलं होतं माहितीये? आणि बुवाने ते गाणं म्हटलं. पूर्ण, पाचही कडवी. मग म्हणाला, त्याच्या आदल्या वर्षीचं तर याहून भिकार. तेही म्हटलं. मग त्याच्या आदल्या वर्षीचं.

अक्षताचे हात थांबले.

"आजा, ही कोणाची गाणी?"

"त्या धोंड्याची. आनखी कोनाची असनार?"

"आता तुझं एक म्हण."

बुवाने तोंड उघडलं. धृपद आलं. पुढे काही येईना.

"तुला त्यांची सगळी येतात," अक्षता म्हणाली. "मग त्यांना कोणाची येत असतील?"

गावात एवढे जाणते होते. एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. शत्रूने गाणी चोरू नयेत म्हणून बुवा जन्मभर कुलपं लावत फिरला आणि जुन्या नियमाने तीच गाणी शत्रूकडून दरवर्षी पाठ करून घेतली. सगळ्यात पक्की प्रत खाडीपलीकडे सुपारी सोलत बसली होती.

बुवा जायला तयार नव्हता. अक्षताने त्याला सांगितलं की मग मी एकटी जाते आणि तू आजारी आहेस म्हणून सांगते. शाहिराला आजारी म्हटलेलं चालत नाही. दोघं तरीच्या होडीत बसली आणि खाडी ओलांडून गेली.

धोंडूबुवा खरंच अंगणात सुपारी सोलत होता. वह्यांचं विसर्जन ऐकून तो हसला. फोनचं विसर्जन ऐकून इतका हसला की त्याला खोकला लागला आणि सुनेला पाणी आणावं लागलं. मग त्याने डोळे पुसले, हातातली सुपारी बाजूला ठेवली आणि काही न विचारता गायला लागला. ते भागोजीचं सामन्यातलं पहिलं गाणं होतं. पोरवयातलं. त्यात भागोजीने एक चुकीची मात्रा घेतली होती, ती चूकही धोंडूने जशीच्या तशी ठेवली होती. भागोजी खांबाकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ तो खांब न्याहाळत होता. खांबावर काही नव्हतं.

गाणं संपल्यावर धोंडू म्हणाला, "तुजी गानी पाठ करन्यात माजं आयुष्य गेलं रं भागू. कोनीतरी इचारील म्हनून वाट बघत व्हतो."

भागोजी म्हणाला, मग सांग. ही लिहून घेईल.

धोंडू लगेच शाहीर झाला. तो म्हणाला, असं अंगणात नाही. देवळासमोर, दोन्ही गावांच्या पुढ्यात. गाणी तुझी, पण म्हणणार मी. तू माझ्या मागे उभा राहून झील धरायची.

भागोजी सरळ तरीकडे चालू लागला.

ज्यांना हे साधं वाटेल त्यांनी सामना पाहिलेला नाही. शाहीर पुढे असतो. झील धरणारे मागे असतात. पुढचा मागे गेला की तो संपला असं लोक समजतात. तेही शत्रूच्या मागे आणि स्वतःच्याच गाण्याला. जाणत्यांना कळलं तेव्हा त्यांनी पुन्हा सभा घेतली आणि ठरवलं की गाणी गेली तरी चालतील, गावाची इज्जत जाता कामा नये. बुवाला ते ऐकून बरं वाटलं. तो म्हणालाही, "त्यापरास मेलेली बरी ती गानी. माजी हायत, मी मारीन."

सगळ्यांनी माना हलवल्या. अक्षता दारात उभी होती. तिने मान हलवली नाही.

"गाणी तू रचलीस," ती म्हणाली. "पण चाळ बांधून नाचलो आम्ही. टाचा आमच्या फुटल्या. मृदंगावर नारूकाकाची बोटं सुजली. तू एकट्याने कुठलं गाणं केलंयस ते सांग, ते खुशाल मार."

एका जाणत्याने तिला वडीलधाऱ्यांपुढे कसं बोलावं ते सांगायला सुरुवात केली. त्याच्या खिशात फोन वाजला. कोणीतरी गुलाब पाठवला होता.

बुवा उठून आत गेला आणि जेवायला वाढ म्हणाला. आजी सांगते, त्या दिवशी त्याने तूप मागून घेतलं.

दिवाळी झाली. देवळासमोर दोन्ही गावं जमली. धोंडूबुवा फेटा बांधून पुढे उभा राहिला. भागोजीबुवा आला, पुढे थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि मागे गेला. झील धरणाऱ्यांच्या रांगेत अक्षताशेजारी उभा राहिला. मागून कोणीतरी चुकचुकलं. धोंडूने पहिलं कडवं म्हटलं. धृपद आलं. भागोजीच्या घशातून आवाजच निघेना. अक्षताने त्याच्या बरगडीत कोपर घातलं. मग निघाला.

आणि एकदा निघाल्यावर थांबेना. गाण्यामागून गाणं येत गेलं. भागोजी लहान पोरासारखा मान पुढे काढून ऐकत होता, पुढे काय येणार म्हणून. एका गाण्यात धोंडू अडला. शब्द तोंडात येईना. नियमाप्रमाणे तो हरला होता. मागून भागोजीने तो शब्द टाकला. धोंडूने मागे न बघता तो उचलला आणि गाणं पुढे गेलं. त्या वेळी मृदंगावर जी थाप पडली ती खाडीपलीकडे ऐकू गेली असेल.

तेवढ्यात समोर एका पोराने फोन वर केला. सवयीने एक काठीवाला उठला. भागोजीबुवा रांगेतून ओरडला, "ए, बस खाली. आनि ज्येंच्याकडं फोन हायत त्येनी समद्यांनी वर करा. तोंडं नका काढू स्वताची, गानं काढा."

शंभरेक फोन वर गेले. काठीवाल्याने काठी मांडीखाली घातली आणि आपलाही काढला.

सगळी गाणी संपली. म्हणजे जी कधीतरी म्हटली होती ती संपली. राखीव गाणी धोंडूला येण्याचा प्रश्नच नव्हता. ती कोणी ऐकलीच नव्हती. बुवाने सगळ्यात चांगली म्हणून जी जपली, नेमकी तीच गेली होती. हे आता त्याच्याही लक्षात आलं. तो डोकं धरून तिथेच पायरीवर बसला. आठवत राहिला. बाकीच्यांनी चहा घेतला. त्याचा कप गार झाला. मग त्याने मान वर केली. एक धृपद सापडलं होतं, एवढंच. त्याने ते म्हटलं.

"भरती आली, ओहोटी गेली, खाडी कुणाची झाली?
ज्याने ओंजळ रिती केली, त्याचीच भरून आली."

अक्षता म्हणाली, "हे तू लिहिलंस?"

"व्हय."

"आणि कुलपात ठेवलंस?"

आधी नारूकाका हसला, मग धोंडू, मग दोन्ही गावं. शेवटी भागोजीही हसला. त्याला दुसरं काही करताच आलं नसतं.

धोंडूबुवा हसणं थांबवून फेटा सावरत म्हणाला, "सवाल पन तुजा, जबाब पन तूच देऊन बसलास. मंग मी पुढच्या साली काय म्हनू?" त्याने ते धृपद दोनदा स्वतःशी घोळवलं. "बघतो कायतरी. पन आता मला ह्ये पाठ करायला लागनार. म्हंजी ह्ये आता मरत न्हाय."

गाणी आता अक्षताकडे आहेत, शाळेच्या संगणकावर आहेत, मुंबईला काकाकडे आहेत, नेटवर आहेत आणि छापून देवळाच्या कपाटातही आहेत. धोंडूची गाणी भागोजीने म्हणून दिली, तीही शेजारीच आहेत. कपाटाला कुलूप नाही. एका जाणत्याने काळजीने विचारलं की कोणी चोरून नेली तर?

"नेऊ दे," भागोजीबुवा म्हणाला. "चोर तरी सांभाळंल."

तात्पर्य: आपण केलेली चीज एकाच जागी आणि एकाच माणसाच्या मुठीत ठेवू नये, चार ठिकाणी ठेवावी, आणि त्यातलं एक ठिकाण लोकांचं तोंड असावं. जे वाटलं ते परत मागता येतं, जे दडवलं ते खाडीकडेही मागता येत नाही. आणि मोठ्या माणसांनो, नात पहिल्यांदा सांगते तेव्हाच ऐकावं. फोन तांदळात पुरायची वेळ येत नाही.